कोठीघराची किल्ली : एकवीस लाडू गेले कुठे?

या महिन्यात पत्रं पुष्कळ आली आहेत, पण निम्म्याहून जास्त जागा मी एकाच घराला देणार आहे. संपादकबाईंनी आधी नाक मुरडलं. म्हणाल्या, "मावशी, सदर सगळ्या वाचकांचं आहे, एका सुनेचं नाही." मग त्यांनी तिची पत्रं वाचायला घेतली आणि दुपारी दोनला, ऐन माझ्या डुलकीच्या वेळी, फोन करून विचारलं, "पण लाडू गेले कुठे?" तेव्हा बाकीच्यांनी रागावू नका. दोन उत्तरं आधी उरकते.

प्रश्न : कळीचे लाडू वळताना फुटतात. बुंदी छान पडते, पाकही करते, तरी मूठ उघडली की चुरा. काय चुकतं? (एक वाचक, धार)

उत्तर : कळी कुरकुरीत तळता आणि पाक पुढे नेता, ही दोन्ही चुकतात. कुरकुरीत बुंदी रायत्याला. लाडवाची कळी नुसती शिजलेली हवी, बोटांत दाबली की दबली पाहिजे. पाक एकतारीवर थांबवायचा, कळी त्यात टाकून झाकायची, फुगून मऊ झाली की कोमट असतानाच वळायला बसायचं. तेवढ्यात फोन आला तर घ्यायचा नाही. आत्ता जो चुरा झालाय त्यावर गरम पाण्याचा हबका मारा आणि मंद आचेवर झाकण ठेवून वाफ द्या, वळले जातील. दुधाचा हबका मारलात तर त्याच दिवशी संपवा.

प्रश्न : घरून रोज बारा डबे देते. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी "लायसन्स आहे का" म्हणून विचारलं. घरगुती डब्याला कसलं लायसन्स? (देवास)

उत्तर : घरगुती असले तरी पैसे घेता ना? मग 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तुम्ही व्यावसायिक झालात. एवढ्याशा कामाला मोठा परवाना लागत नाही, एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी पुरते. अर्ज ऑनलाइन होतो. 14 आकडी नंबर मिळेल तो बिलावर टाका. आणि त्या गृहस्थांना एक दिवस डबा पाठवून बघा. माझ्या अनुभवात असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा डबाच हवा असतो.

आता मुख्य प्रकरण. हे पहिलं पत्र मला जूनमध्ये आलं. त्यातली इंदुरी मराठी मी तशीच ठेवली आहे, पुण्याच्या वाचकांनी लाल पेन बाजूला ठेवावं.

प्रश्न : "मावशींना सा. न. वि. वि. आमचा केटरिंगचा धंदा आजेसासऱ्यांपासूनचा. मुंज, साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण, साठीशांत, मराठी घरातलं जे कार्य असेल ते. सुदामा नगरात घर, मागे भट्टी, पुढच्या खोलीत ऑफिस म्हणजे एक टेबल. म्हातारे महाराज, म्हणजे आमचे आचारी, चाळीस वर्षं आमच्याकडे होते. गेल्या तुळशीच्या लग्नानंतर गुडघ्यांपायी गावी गेले, आता त्यांचा पुतण्या भट्टी सांभाळतो. मी बी. कॉम. आहे. महाराज गेल्यावर हिशेब माझ्याकडे आला आणि बघते तर काय, सगळं अंदाजपंचे. कळी 'चार घमेली', तूप 'लागेल तसं'. मी डिजिटल काटा आणला. आता एक लाडू म्हणजे 40 ग्रॅम, एका परातीत शंभर, न एक जास्त न एक कमी.

वैशाखात एका मुंजीत शेवटच्या पंगतीला लाडू कमी पडले. यजमान मला सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून मी हॉलवर माल उतरताना मोजून घेऊन राहिली आहे. 400 निघाले, 379 उतरले. पुढच्या कार्याला 200 निघाले, 189 उतरले. त्याच्या पुढे 600 निघाले, 569 उतरले. म्हणजे 21, 11 आणि 31 गायब!

आमची रीत सांगते. लाडू वळून परातीत रचले की मी स्वतः मोजते आणि उभ्या उभ्या टॅबवर आकडा टाकते. मग एक मोडून चव बघते, कारण चव गेली तर नाव आमचं जातं. सासूबाई शेजारी पाटावर वाती वळत बसलेल्या असतात, त्यांना साखर आहे म्हणून चव बघायचं काम माझ्याकडे आलं. मग बायका एकेक लाडू कागदी वाटीत बसवतात. वाट्या सियागंजातून शंभराच्या पाकिटात येतात. तो दुकानदार मात्र प्रामाणिक आहे, मोजून बसवल्या तरी दर वेळी वाटी जास्तच उरते, ती मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकते. वाट्या लागल्या की पराती पॅकिंगच्या खोलीत, तिथून डबे टेंपोत.

संशय कुणावर घेऊ? महाराजांचा पुतण्या कानात इअरफोन घालून असतो, काही विचारलं की 'हो वहिनी' म्हणतो, मग प्रश्न काहीही असो. टेंपोवाला राजवाड्यापाशी अर्धा तास कुठेतरी थांबतो. धाकटे भावजी रात्री दीडला सराफ्याच्या खाऊगल्लीतून पोटभर खाऊन येतात आणि तरी घरात शिरल्यावर पहिला डबा उघडतात. सासऱ्यांनाही साखर, डॉक्टरांनी गोड बंद केलंय, पण त्यांच्या खिशात रुमालात नेहमी काहीतरी गुंडाळलेलं असतं. लाडू वळणाऱ्या चौघी बायका तर देवावर हात ठेवून सांगून राहिल्या की एक लाडू घेतला असेल तर हात झडोत. सासूबाईंना विचारलं तर त्या नुसत्या हसतात. तुम्ही तीस वर्षं कोठीघर सांभाळलंत, तुम्हीच सांगा." (एक सून, इंदूर)

यावर मी काय उत्तर पाठवलं होतं ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही, निम्म्या इंदूरला ठाऊक झालंय. अकरा, एकवीस, एकतीस हे आकडे वाचले आणि माझी बुद्धी थेट गाभाऱ्यात गेली. चोर कधी अकरा-एकवीसच्या हिशेबाने चोरतो का? तो मुठीने उचलतो. शुभ आकड्यात मोजून नेणारा माणूस म्हणजे नवसवाला! मी कळवलं, घरात कुणीतरी खजराण्याच्या गणपतीला नवस बोललंय. देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढून आलंय आणि आता लाडू पोचवतंय. बुधवारी कोण बाहेर पडतं ते बघा, मागोमाग जा.

ती गेली. बिचारी ऑटो करून सासऱ्यांच्या मागे गेली. सासरे खजराण्याच्या दिशेला वळलेच नाहीत, ते उतरले छप्पन दुकानला, म्हणजे इथल्या दुसऱ्या खाऊगल्लीत. तिथे त्यांनी रुमालातून भाजलेले फुटाणे काढून बाकावर ठेवले, म्हणजे पथ्याचं खाणं सोबत होतं, आणि मग शिकंजीचा मोठा ग्लास मागवला. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे. आटवलेलं दूध, केशर, सुकामेवा, चमचा उभा राहील एवढी दाट. साखरेच्या पेशंटने तिच्याकडे बघूसुद्धा नये. सून आणि सासरे समोरासमोर आले. त्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही आणि त्याला जबाबदार मी. त्या सद्गृहस्थांची इथे जाहीर माफी मागते. फुटाणे चांगले आहेत, चालू ठेवा.

हात दाखवून अवलक्षण झाल्यावर मी डोकं जरा वापरलं. लाडू वाटीसकट गेले तर वाटी कुठेतरी टाकली जाणार. आणि इंदुरात टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही. 2017 साली आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, तेव्हापासून इथल्या पोराटोरांनाही बे एके बेच्या आधी ओला-सुका पाठ होतो. घरोघर डबे वेगळे, रोज सकाळी गाडी गाणं वाजवत दारात हजर. मी तिला लिहिलं, पुढच्या कार्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी यायच्या आत सुक्या कचऱ्याचा डबा अंगणात उपडा कर आणि वाट्या शोध. कोणती वाटी कुठे मिळाली, तिला काय लागलंय, सगळं लिहून कळव.

तिचं दुसरं पत्र आषाढात आलं.

प्रश्न : "मावशी, तुमचा नवस बुडाला. या वेळी 240 लाडू निघाले, 227 उतरले. तेरा कमी! तेराचा नवस कोण बोलतो? भावजींनी तर तुमचं नाव ऐकलं की 'त्या खजराणावाल्या मावशी' असं सुरू केलंय.

कचऱ्याचं सांगते. सकाळी डबा उपडा केला. तीन वाट्यांना हळदकुंकू लागलेलं होतं, त्या देवघराच्या टोपलीतल्या. दोन वाट्या काजळी लागून काळ्या झालेल्या, म्हणजे भट्टीपाशी कुणीतरी खाल्लं. दोन ओट्यावर पायरीच्या आड मिळाल्या. चौकशी केली तर एक मीटर बघायला आलेल्या मुलाला दिलेली आणि एक कुरिअरवाल्याला. दोन टेंपोच्या दाराच्या कप्प्यात. नऊ झाल्या. तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली आणि मी बघते तर ड्रायव्हरच्या काचेपुढे आमच्याच तीन वाट्या, एकात एक घातलेल्या! मी विचारलं, भैया ये कहाँ से? तो म्हणाला, दीदी, ये तो हर बार मिलते हैं. बारा झाल्या. तेरावी वाटी कुठेच नाही. घर, अंगण, टेंपो, गटार, सगळं बघितलं.

मावशी, म्हणजे सगळं घरच चोर आहे का? मी चौघी बायकांना समोर उभं करून वाट्या दाखवल्या. त्या रडायलाच लागल्या. म्हणे आम्ही लाडू घेतलाच नाही, आम्ही फक्त पाचोत्रा काढला. हे पाचोत्रा काय असतं? मला आधी वाटलं एखादा मसाला असेल. पुतण्याला विचारलं, तो 'हो वहिनी' म्हणाला. सासूबाई अजून हसून राहिल्या."

उत्तर : सूनबाई, आता तुला 'तू' म्हणते, कचरा चिवडायला लावल्यावर अहोजाहो शोभत नाही.

पाचोत्रा हा शब्द वाचला आणि मी पत्र खाली ठेवून हसत बसले, तुझ्या सासूबाईंसारखीच. पावकी, निमकी, औटकी पाठ करणाऱ्या पिढीला हा शब्द येत होता. पाचोत्रा म्हणजे शेकडा पाच. शंभरावर पाच. व्याजात असायचा, मालात असायचा, आणि आमच्या धंद्यात तो लाडवांत असायचा.

माझ्या सासूबाईंची कोठीघराची किल्ली त्यांच्या कमरेला असे. जुन्या इंदुरातलं आमचं घर, पितळी भांड्यांवर बर्तन बाजारातून नाव घालून आणलेलं, आणि तरी दर लग्नात दोन वाट्या आणि एक पळी दुसऱ्याच्या घरी जायची. मी नवी होते तेव्हा मला लाडू मोजायला बसवलं. शंभर झाल्यावर मी हात थांबवला तर त्यांनी आणखी पाच परातीत टाकले. मी म्हटलं, "आई, शंभर झाले." त्या म्हणाल्या, "तुझे झाले. आता त्यांचे." त्यांचे म्हणजे कुणाचे ते मला पुढे हळूहळू कळलं. एक देवाचा. एक गाईचा. एक भट्टीवरच्या माणसाचा, कारण दिवसभर तुपाच्या वाफेत उभं राहून त्याला लाडू मिळाला नाही तर पुढची कळी तो मन लावून पाडणार नाही. एक गाडीवाल्याचा, तेव्हा टांगा होता. आणि एक आल्यागेल्याचा. या पाचव्याला नाव नसतं. पोस्टमन, भिक्षुक, रस्ता चुकलेला माणूस, जो दारात येईल तो. साखर रेशनवर मिळायची त्या वर्षांतसुद्धा आमच्याकडचा पाचोत्रा बंद झाला नाही. लाडू मात्र लहान झाले होते, हे कबूल करते. काही यजमानांच्या ते लक्षातही आलं होतं.

तुमच्या म्हाताऱ्या महाराजांचा शंभर हा एकशे पाचांचा शंभर होता. ते काटा लावत नव्हते म्हणून तुला अंदाजपंचे वाटलं, पण चाळीस वर्षं यजमानांकडे लाडू कमी पडले नाहीत ते उगीच नाही. 'चार घमेली' म्हणत ते पाचोत्र्यासकट कळी पाडत होते. पॅकिंगच्या खोलीत बायका परातीमागे पाच बाजूला काढायच्या, खाली शंभर उरायचे, शंभर जायचे. महाराज गावी गेले. तुझा काटा आला. परातीत नेमके शंभर झाले. आणि बायकांनी पूर्वीसारखेच पाच बाजूला काढले, कारण थांबा असं त्यांना कुणी सांगितलंच नाही. तू विचारलंस "लाडू घेतले का?" त्यांनी खरंच घेतले नव्हते. पाचोत्रा काढणं याला त्या घेणं म्हणतच नाहीत. तू हिंदीत विचारलं असतंस तरी तेच उत्तर मिळालं असतं.

आता तुझ्याच आकड्यांवर ये. 400 म्हणजे चार पराती, वीस गेले. 200 म्हणजे दोन, दहा गेले. 600 म्हणजे सहा, तीस गेले. 240 ला दोन भरल्या पराती म्हणजे दहा, आणि वरच्या चाळिसांतून पाच काढायला त्यांचा जीव झाला नसेल, म्हणून देवाचा आणि गाईचा एवढेच दोन. बारा. तुझ्या वाट्याही तेच सांगतात : हळदकुंकवाच्या तीन देवाच्या, काजळीच्या दोन भट्टीच्या, टेंपोच्या दोन, पायरीच्या दोन आल्यागेल्याच्या. राहिल्या गाईच्या तीन. शहर झाडूनपुसून काढताना रस्त्यावरची गुरं बाहेर गेली, गल्लीत गाय उरली नाही. मग गाईचा लाडू द्यायचा कुणाला? सकाळी सगळ्यांत आधी दारात कोण येतं? तुमच्या बायकांनी फार विचार न करता तो कचऱ्याच्या गाडीवाल्याला दिला. मला विचारशील तर बरोबर केलं. गाय तरी केळीची सालंच खायची.

यावर तू काय करायचं ते सोपं आहे. काटा ठेव, काटा चांगलाच आहे. फक्त शंभराच्या परातीला 105 लाडवांची कळी पाड. वरचे पाच म्हणजे 200 ग्रॅम माल. 600 च्या कार्यालाही सव्वा किलोच्या आत. तुझ्या एक्सेलमध्ये एक रकाना वाढव, त्याला पाचोत्राच नाव दे, आणि तो खर्च दर ठरवतानाच धर. यजमानाला वेगळा दाखवू नकोस, नाहीतर "तो पाचोत्रा काढून टाका आणि तेवढे पैसे कमी करा" म्हणणारा निघतोच. बायकांची माफी माग. टेंपोवाल्याला राजवाड्यापाशी अर्धा तास का लागतो ते विचारू नकोस, तो पोहे-जिलबी खातो, सगळेच खातात. महाराजांच्या पुतण्याला मात्र तो इअरफोन काढायला लाव. झाऱ्याखाली तूप किती तापलंय ते कानानेही कळतं, हे त्याला काकांनी सांगितलं नाही असं होणार नाही, त्याने ऐकलं नसेल.

एवढ्यावर मी पत्र संपवणार होते. पण माझी जुनी खोड, हिशेब जुळला की पुन्हा एकदा करायचा.

वीस नव्हे, एकवीस गेलेत. दहा नव्हे, अकरा. तीस नव्हे, एकतीस. बारा नव्हे, तेरा. दर वेळी वर एक. याच एकाने मला खजराण्याला पाठवलं होतं. हा एक लाडू दोनशेच्या कार्यातही एकच जातो आणि सहाशेच्या कार्यातही एकच. म्हणजे नेणारा हावरा नाही. भावजी सुटले, त्यांना एकावर थांबता येत नाही असं तूच लिहितेस. सासरे सुटले, ते छप्पनला जातात. शिवाय या लाडवाला वाटी नाही. इतर बाराजणांच्या वाट्या मिळाल्या, याची मिळाली नाही, कारण तो वाटीत बसलाच नाही. तू मोजलास तेव्हा तो होता, आकड्यात आला. बायका वाट्या लावायला आल्या तेव्हा तो नव्हता. मोजणं आणि वाटी, यांच्यामध्ये परातीपाशी असतं कोण?

गणेशोत्सवात कीर्तनाला बसली असशील तर ही गोष्ट बुवांच्या तोंडून ऐकली असशील. दहा जण नदी उतरून पलीकडे गेले. कुणी वाहून तर गेला नाही ना म्हणून एकाने मोजलं, नऊ भरले. दुसऱ्याने मोजलं, नऊच. दहाही जणांनी मोजून बघितलं आणि मग दहाव्यासाठी सगळे वाळूत बसून रडायला लागले. वाटेने जाणारा एक माणूस थांबला, शेवटच्याच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "दशमस्त्वमसि", अरे दहावा तूच. बुवा इथून ब्रह्माकडे जातात. मी तुझ्या टेबलाकडे येते.

सियागंजातला दुकानदार प्रामाणिक असेल, पण दर पाकिटात फुकट वाटी घालण्याइतका प्रामाणिक दुकानदार माझ्या पाहण्यात नाही. वाटी जास्त येत नव्हती, लाडू एक कमी होत होता. तू चव बघतेस ती आकडा टाकून झाल्यावर. आधी मोड, मग मोज.

खात्री करायची तर ड्रॉवर उघड. महाराज गेल्यापासून लाडवांची जेवढी कार्यं झाली, तेवढ्या वाट्या निघतील.

हे उत्तर मी तिला आधीच फोनवर वाचून दाखवलं होतं, छापून येईपर्यंत थांबण्याइतका धीर तिला नव्हता. अंक छापायला जाता जाता तिचा निरोप आला, तो जसाच्या तसा देते :

"मावशी, ड्रॉवर उघडला. कार्यं नऊ झाली, वाट्या दहा निघाल्या. सगळ्यांसमोर दोनदा मोजल्या. सासूबाई हसून राहिल्या आहेत."